रंगपट आणि राहते घर

एखाद्या नामवंत नटाचा, गायिकेचा किंवा लेखकाचा विषय निघाला, की थोड्याच वेळात बोलणे एका ठराविक वळणावर येऊन थांबते. कोणीतरी आवाज किंचित खाली आणून विचारतो, "ते सगळे खरे, पण घरी माणूस कसा आहे?" ह्या प्रश्नात जिज्ञासा असते, आणि खरे सांगावयाचे तर थोडी आशाही असते. उत्तर फार चांगले येऊ नये, अशी ती आशा. ज्याला आपण इतके उंच बसविले तो घरात आपल्यासारखाच चिडतो, कुरकुरतो, पैशाची ओढाताण सोसतो, हे कळले म्हणजे मनाला एक प्रकारचा दिलासा मिळतो. घरोघरी मातीच्या चुली, असे म्हणून आपण तृप्त मनाने उठतो.

ह्या दिलाशामागे एक समजूत दडलेली आहे. लोकांसमोर दिसतो तो मुखवटा आणि घरात असतो तो खरा चेहरा, ही ती समजूत. आज तिच्याविषयीच थोडे बोलावयाचे आहे. कारण ती सर्वस्वी चुकीची नसली तरी फार अपुरी आहे, आणि भिलाईसारख्या गावात राहणाऱ्याला तर तिचा अपुरेपणा विशेषच जाणवतो.

आपल्या भाषेतील दोन शब्द ह्या बाबतीत विचार करण्याजोगे आहेत. 'नेपथ्य' हा शब्द आज आपण रंगमंचावरील देखाव्यासाठी वापरतो. संस्कृतात मात्र नटाच्या वेषभूषेला नेपथ्य म्हणत, आणि पडद्यामागच्या ज्या जागेत तो वेष चढविला जाई तिलाही नेपथ्यच म्हणत. म्हणजे लोकांना जे दाखवावयाचे ते आणि लोकांपासून जे झाकावयाचे ते, अशा दोहोंना एकच नाव! दुसरा शब्द 'व्यक्ती'. माणसाचे जे अगदी स्वतःचे, खासगी असे आपण समजतो, त्याला आपण नाव दिले आहे ते 'प्रकट झालेले' ह्या अर्थाचे. तिकडे रोमन लोकांचा 'पर्सोना' हा शब्द नटाच्या मुखवट्याचा होता आणि युरोपीय भाषांतील व्यक्तिवाचक शब्द त्याच्यातूनच निघाला. जुन्या लोकांना मुखवटा आणि माणूस ह्यांत आपल्याइतके वैर दिसत नसावे.

विसाव्या शतकात अर्व्हिंग गॉफमन ह्या समाजशास्त्रज्ञाने हाच धागा पुन्हा हाती घेतला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर तो काही काळ राहिला आणि तेथील एका लहानशा हॉटेलातील माणसे न्याहाळीत बसला. जेवणघरात पाहुण्यांपुढे अदबीने वागणारी माणसे मधले दार ढकलून स्वयंपाकघरात गेली, की त्यांचे बोलणे, उभे राहणे, हसणे सारे पालटते, हे त्याने टिपले. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने मांडले ते हे, की असे 'पुढचे अंगण' आणि 'मागचे अंगण' प्रत्येक माणसाला असते. शाळामास्तराला असते, वैद्याला असते, सासूला असते आणि सुनेलाही असते. नामवंतांचे वेगळेपण इतकेच, की त्यांच्या पुढच्या अंगणात हजारो लोक उभे असतात आणि त्यांतल्या पुष्कळांना मागच्या अंगणात डोकावण्याची घाई झालेली असते.

मराठी माणसाला ह्या विषयावर बोलताना बालगंधर्वांची आठवण टाळता येणार नाही. नारायणराव राजहंस हा पुरुष रंगभूमीवर भामिनी, रुक्मिणी, सिंधू होऊन उभा राही आणि प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांच्या लुगड्याची नेसण आणि केसांची ठेवण पाहून घरी जात. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे सुचविले गेले असतानाही ते उभे राहिले आणि गायिले, असे सांगतात. ही हकीकत आपल्याकडे शेकडो वेळा, आणि नेहमीच कौतुकाने, सांगितली गेली आहे. कौतुकास ती पात्रही आहे. परंतु ती सांगताना त्या मुलीच्या आईचा उल्लेख सहसा होत नाही. बापाला त्या रात्री निदान एक रंगभूमी होती, स्वर होते, दुसऱ्या कोणाचे तरी सुखदुःख अंगावर घेऊन स्वतःचे काही प्रहर बाजूला ठेवण्याची सोय होती. घरात बसलेल्या त्या माउलीला ती सोय नव्हती. नामवंताच्या खासगी आयुष्याविषयी आपण इतके उत्सुक असतो. पण त्या आयुष्यात आणखी कोणी राहते, ह्याचा मात्र आपल्याला हटकून विसर पडतो.

आता भिलाईकडे येतो. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि दुर्गजवळच्या भातशेतीच्या मैदानात पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या साऱ्या प्रांतांतून माणसे आली. नागपूर आणि विदर्भ रेल्वेच्या एकाच मार्गावर असल्यामुळे मराठी कुटुंबेही पुष्कळ आली. सेक्टरांच्या रांगांनी वसलेल्या अशा नगरात खासगी आयुष्य तसे बेताचेच असते. कोणाचे क्वार्टर कोणत्या प्रकारचे आहे एवढ्यावरून त्याचा हुद्दा कळतो. भोंगा झाला, की कोण कोणत्या पाळीला निघाला हे शेजाऱ्याला कळते. येथे मोठेपणाचा मुखवटा चढविणे फारसे जमत नाही. आणि ह्याच कारखान्याच्या नोकरवर्गात एक अशी स्त्री होती, की जिचे नाव पॅरिसपासून टोकियोपर्यंतच्या रसिकांना ठाऊक झाले. त्या म्हणजे पंडवानी गायिका तीजनबाई.

भिलाईपासून चौदा-पंधरा किलोमीटरांवर गनियारी नावाचे खेडे आहे. १९५६ साली तेथील एका पारधी कुटुंबात तीजनबाईंचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. आईचे वडील ब्रिजलाल महाभारताची कथा गात; ती ऐकता ऐकता मुलीला पाठ झाली. पुढे उमेदसिंह देशमुख ह्यांच्याकडून तिने अधिक शिकून घेतले. (देशमुख हे नाव ऐकून आपण मराठी माणसांनी लगेच नाते जोडावयास नको. ते आडनाव दुर्ग भागातील छत्तीसगढी शेतकऱ्यांतही आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल ह्या मुलखावर होता, त्याची अशी काही चिन्हे येथे राहून गेली आहेत.)

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. आपल्याकडील पोवाड्याशी किंवा गोंधळाशी तिची तुलना केली, तर ती कशी असते ह्याची थोडीफार कल्पना येईल. मुख्य गायकाच्या हाती तंबुरा आणि खरताळ. मागे पेटी, तबला, ढोलक, मंजिरी. आणि साथीला 'रागी' नावाचा एक जोडीदार. पोवाड्यात झीलकरी 'जी जी' करतो, तसा हा रागी हुंकार देतो. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. श्रोत्यांच्या मनात येणारा प्रश्न तो त्यांच्या वतीने विचारतो, मध्येच थट्टा करतो, आश्चर्य व्यक्त करतो, आणि कथा पुढे ढकलतो. कथेचा नायक अर्जुनापेक्षा बहुधा भीम असतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शेतकरी आणि वनवासी माणसांना गांडीवापेक्षा गदा जवळची वाटली असावी.

ह्या गायनाच्या दोन शाखा. 'वेदमती' शाखेत गायक गुडघे टेकून बसतो आणि सबलसिंह चौहान ह्यांच्या दोहा-चौपाईतील महाभारताला धरून गातो. झाडूराम देवांगन हे त्या शाखेतले मोठे नाव. 'कापालिक' शाखेत ग्रंथाचा आधार नसतो. कथा गायकाच्या कपाळात, म्हणजे स्मरणात असते. गायक उभा राहतो, रंगमंचभर फिरतो, गरजतो, पात्रे वठवितो. स्त्रियांनी गावयाचे झाले तर बसून गावे, अशी रीत होती. कापालिक शैलीत उभी राहून गाणारी पहिली स्त्री म्हणून तीजनबाईंचे नाव घेतले जाते. वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात त्यांनी पहिला कार्यक्रम केला, आणि त्याचे त्यांना दहा रुपये मिळाले.

ज्यांनी त्यांना रंगमंचावर पाहिले आहे, त्यांना त्या तंबुऱ्याची किमया वेगळी सांगावयास नको. खांद्यावर टाकला की तो भीमाची गदा होई. आडवा धरला की अर्जुनाचे धनुष्य. क्षणात तो रथाचा दांडा होई आणि पुढल्याच क्षणी दुःशासनाने ओढलेले द्रौपदीचे केस. दुःशासनवधाच्या प्रसंगी त्यांचा आवाज असा काही चढत असे, की छत्तीसगढीचा एक शब्दही न समजणारा श्रोता आसनावर सरसावून बसे. लाल ठसठशीत कुंकू, अंगभर दागिने, लखलखीत लुगडे आणि तो घनगंभीर, जवळजवळ पुरुषी आवाज: हे झाले त्यांचे लोकांसमोरील रूप.

आता दुसरी बाजू. बाराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले होते. बाईमाणसाने चारचौघांत उभे राहून पंडवानी गावी हे जातीतील लोकांना मानवले नाही, आणि जातीने त्यांना बाहेर काढले. त्यांनी एक लहानशी झोपडी उभारली आणि एकट्या राहू लागल्या. भांडीकुंडी, धान्य शेजाऱ्यांकडून मागून आणावे लागे. गाणे मात्र त्यांनी सोडले नाही. सासरी त्या कधी नांदल्या नाहीत. ते लग्न पुढे मोडले. कालांतराने नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीर ह्यांनी त्यांचे गाणे ऐकले. तेथून पुढचा मार्ग दिल्लीला, इंदिरा गांधींपुढील कार्यक्रमाकडे, आणि मग फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान अशा देशांकडे गेला. ऐंशीच्या दशकात पद्मश्री, १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००३ साली पद्मभूषण, २०१८ साली जपानमधील फुकुओका पुरस्कार आणि २०१९ साली पद्मविभूषण. शाळेची पायरी न चढलेल्या ह्या बाईंना विद्यापीठाची मानद पदवीही मिळाली.

आता प्रश्न असा, की ह्या दोहोंतील मुखवटा कोणता आणि चेहरा कोणता? घरी जी मुलगी बाराव्या वर्षी लग्नाला उभी केली गेली, जिच्या इच्छेला कोणी विचारले नाही, ती खरी. आणि रंगमंचावर गदा पेलून उभी राहणारी ती खोटी, असे म्हणावयाचे काय? माझ्या मते येथे आपल्या नेहमीच्या समजुतीचा हिशेब उलटा लागतो. घरातील 'वधू' हे रूप तिच्यावर दुसऱ्यांनी चढविलेले होते. रंगमंचावरील रूप तिने स्वतः निवडले, आणि त्यासाठी जात, घर आणि पोटभर अन्न एवढी किंमत मोजली. जी गोष्ट माणूस एवढ्या किमतीने विकत घेतो तिला मुखवटा म्हणणे कठीण आहे.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगावयास हवी. द्रौपदीच्या अपमानाचा प्रसंग तीजनबाई एवढा जळजळीत गात, कारण त्यांनी स्वतः अपमान सोसला होता, असे स्पष्टीकरण पुष्कळदा ऐकू येते. ते ऐकावयास बरे वाटते; पण त्याने कलेचे मोल कमी होते. झाडूराम देवांगनांना जातीने स्त्री म्हणून वाळीत टाकले नव्हते, तरी त्यांच्या गाण्यातही द्रौपदीचा आक्रोश श्रोत्यांना हलवीत असे. दुःख पुष्कळांच्या वाट्याला येते. त्यांतले सगळेच काही रात्र-रात्र कथा उभी करू शकत नाहीत. त्यासाठी अठरा पर्वांतील प्रसंग मुखोद्गत असावे लागतात, गद्यातून पद्यात कोठे शिरावे ह्याचे भान लागते, रागीशी बोलण्याचा ताल सांभाळावा लागतो, श्रोते कंटाळले आहेत की रंगले आहेत हे अंधारातही ओळखावे लागते. ही कारागिरी आहे आणि ती मेहनतीने येते.

आणि ह्यातूनच एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. तीजनबाईंची खासगी दुःखे हाच त्यांचा नवा मुखवटा होऊन बसला. कार्यक्रमापूर्वी ओळख करून देणारा गृहस्थ प्रथम बालविवाह सांगे, मग बहिष्कार, मग झोपडी, मग निरक्षरता. आणि हे सारे सांगून होईपर्यंत त्यांच्या गायकीविषयी बोलावयास वेळ उरत नसे. एखाद्या शास्त्रीय गवयाचा परिचय आपण त्याच्या घराण्याने, गुरूने, तालमीने करून देतो. त्याच्या संसाराची कथा व्यासपीठावरून सांगणे आपल्याला असभ्य वाटते. खेड्यातील, त्यातून वनवासी समाजातील कलावंत स्त्री असली, की मात्र तिचा संसार हा सर्वांच्या मालकीचा होतो. खासगी आयुष्य झाकल्यामुळे मुखवटा तयार होतो असे आपण मानतो. ते फार उघडे केल्यानेही तो तयार होऊ शकतो, हे ह्या उदाहरणावरून दिसते.

श्याम बेनेगल ह्यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या 'भारत एक खोज' ह्या १९८८ सालच्या मालिकेत महाभारताच्या भागासाठी तीजनबाईंचे गायन घेतले होते. ह्याच बेनेगलांनी त्याच्या अकरा वर्षे आधी, १९७७ साली, एका मराठी नटीच्या आत्मकथेवरून 'भूमिका' नावाचा चित्रपट काढला होता. ती नटी म्हणजे हंसा वाडकर. १९४१ साली प्रभातच्या 'संत सखू'मध्ये त्या सखू झाल्या. १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी'मध्ये आणि १९५९ साली 'सांगत्ये ऐका'मध्ये त्यांनी तमाशाचा फड गाजविला. हा शेवटला चित्रपट पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. १९७० साली त्यांची आत्मकथा आली, आणि तिला त्यांनी त्याच चित्रपटाचे नाव दिले. अरुण साधू ह्या त्या वेळच्या तरुण पत्रकाराने ती त्यांच्या तोंडून उतरवून घेतली होती. दारू, मोडलेला संसार, फसवणूक, मुलीचा दुरावा, सारे काही त्यांनी फारशी सारवासारव न करता सांगितले. पुढल्याच वर्षी त्या वारल्या. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

पुष्कळ वाचकांना त्या वेळी धक्का बसला. सखू झालेली बाई अशी कशी? पण हा प्रश्न विचारताना आपण एक घोटाळा करतो, आणि तो नीट सोडविल्याशिवाय ह्या विषयात पुढे जाता येत नाही. काही माणसांचे सार्वजनिक रूप हे एक वचन असते. हुंड्याविरुद्ध सभा गाजविणारा पुढारी मुलाच्या लग्नात गुपचूप हुंडा घेत असेल, तर त्याचे घर आणि व्यासपीठ ह्यांतील अंतर हा सर्वांनी पाहण्याचा विषय आहे. कारण त्याच्या शब्दावर विसंबून लोकांनी त्याला मोठे केलेले असते. नटाचे सार्वजनिक रूप हे असे वचन नसते. 'मी सखूसारखी जगेन' असे हंसाबाईंनी कोणाला सांगितले नव्हते. त्यांनी सांगितले होते ते एवढेच, की दोन-अडीच तास मी तुमच्यापुढे सखू उभी करीन. आणि ते वचन त्यांनी पाळले होते. अंतर निर्माण झाले ते आपण भूमिकेलाच चारित्र्य समजलो म्हणून.

लेखकांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक सूक्ष्म होतो, कारण ते स्वतःच्या आवाजात बोलतात. १९९० साली सुनीताबाई देशपांडे ह्यांचे 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे उत्तम स्वागत झाले, तसे पुष्कळ घरांतून नाराजीचे सूरही उमटले. पु. ल. देशपांडे ह्यांच्यावर उभ्या महाराष्ट्राने जीव लावला होता. त्यांच्या घरात रुसवे, कंटाळा, एकटेपण असू शकते हे ऐकून घेण्याची वाचकांची तयारी नव्हती. मला स्वतःला त्या पुस्तकात पु. लं.चे मोठेपण कोठे कमी झालेले दिसले नाही. दिसले ते असे, की मोठ्या माणसाचा वेळ, पत्रव्यवहार, पैसा, पाहुणे हे सांभाळणारे दुसरे कोणी असते आणि त्या कोणाचीही स्वतःची काही बुद्धी व इच्छा असते. ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० सालच्या, आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिसाच्या दशकातली. थोर पुरुषाचे घर आतून कसे असते हे मराठीत प्रथम सांगितले ते त्या घरातील स्त्रियांनी, आणि बहुतेक वेळा ते हसतखेळत सांगितले.

मात्र स्वतःच्या घराविषयी घरच्या माणसाने लिहिणे वेगळे, आणि तिऱ्हाइताने खिडकीतून पाहून लिहिणे वेगळे. ह्या दोहोंतील रेषा कायद्यानेही ओढली आहे. तमिळनाडूतील एका साप्ताहिकाच्या खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्वतःचे कुटुंब, विवाह, अपत्ये, शिक्षण ह्यांविषयीचे खासगीपण जपण्याचा नागरिकाला हक्क आहे. लिहिलेले खरे असो की खोटे, स्तुतीचे असो की निंदेचे, संमतीवाचून ते प्रसिद्ध करता येणार नाही. सार्वजनिक कागदपत्रांत जे नोंदले गेले आहे त्याला आणि सरकारी अधिकाऱ्याच्या अधिकारपदावरील वर्तनाला हे संरक्षण नाही. तसेच जो स्वतः होऊन वादात उतरला त्याचीही गोष्ट निराळी. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. अर्थात कायदा कागदावर असतो आणि कुतूहल माणसाच्या मनात; त्यामुळे नटनट्यांच्या फाटकाबाहेरची छायाचित्रकारांची गर्दी काही ओसरलेली नाही.

उलट आता नामवंतच स्वतःहून दार उघडून बसले आहेत. सकाळचा चहा, मुलांचे वाढदिवस, देवघर, आजारपण, सारे काही मोबाइलच्या पडद्यावर येते. हे पाहून कित्येकांना वाटते, की चला, अंतर मिटले. परंतु दाखविण्यासाठी लावलेले देवघर हे पुन्हा पुढचेच अंगण होय. गॉफमनच्या हॉटेलवाल्याने स्वयंपाकघराला काच बसविली म्हणून काही तेथली माणसे मोकळेपणाने बोलू लागणार नाहीत. ती बोलावयास आणखी मागची एखादी खोली शोधतील.

ह्या साऱ्या चर्चेत पैशाची गोष्ट सहसा निघत नाही, आणि ती काढल्याशिवाय विषय पुरा होत नाही. विठाबाई नारायणगावकर ह्या तमाशाच्या सम्राज्ञी म्हणून गाजल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. वगाच्या ऐन रंगात त्यांना कळा सुरू झाल्या, कनातीमागे जाऊन त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या, ही कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. बालगंधर्वांच्या कथेसारखीच हीही आपण निष्ठेची कथा म्हणून सांगतो. पण त्या रात्री खेळ बंद पडला असता तर फडातील माणसांनी काय खाल्ले असते, हाही प्रश्न तिच्यात आहे. २००२ साली त्या वारल्या तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस तंगीतच गेलेले होते. पद्म पुरस्कारांचीही वस्तुस्थिती अशी आहे, की त्यांच्याबरोबर एक रुपयाही मिळत नाही. रेल्वेच्या भाड्यात सवलत नाही. आणि १९९५ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार ते नाव किताबाप्रमाणे आपल्या नावापुढे लावताही येत नाही. लोकांना मात्र वाटते, की एवढा मोठा मान मिळाला म्हणजे घरी काही कमी नसणार. जो कलावंत केवळ आपल्या रूपावर जगतो त्याला ते रूप उतरवून ठेवण्याची चैन परवडत नाही. आजारी असला तरी तो हसतो, कर्जात असला तरी मोटारीतून उतरतो. ज्याला आपण ढोंग म्हणतो त्यातले कितीतरी निव्वळ पोटासाठी असते.

भिलाईच्या कारखान्याने तीजनबाईंना नोकरी दिली, ह्याचे महत्त्व मला ह्या दृष्टीने वाटते. खेळाडूंना आणि कलावंतांना आपल्या नोकरवर्गात सामावून घेण्याची प्रथा आपल्याकडील सरकारी कारखान्यांनी आणि रेल्वेने पूर्वीपासून ठेवली आहे. तिची कधी कधी चेष्टाही होते. रूळ ओतणाऱ्या कारखान्याला भीमाची गदा कशाला, असे कोणी विचारतो. परंतु महिन्याच्या महिन्याला पगार येत असला, की बाईमाणसाला कोणते आमंत्रण स्वीकारावे आणि कोणते परतवावे हे ठरविता येते. भाकरीसाठी भीम व्हावे लागत नाही. आमच्या ह्या नगरात देशोदेशी गाजलेली गायिका हजेरीपटावरील एक नाव होती, तिलाही इतरांप्रमाणे वेतनश्रेणी होती, रजेचे नियम होते. आणि हे लोकांना ठाऊक असूनही पंडवानीच्या रात्री मैदान भरत असे.

नगरातील क्वार्टरात मात्र तीजनबाईंचे मन रमलेले दिसत नाही. नोकरी भिलाईची आणि कार्यक्रम जगभरचे असले, तरी त्यांचा पत्ता गनियारीचाच राहिला. २०१९ साली पद्मविभूषण जाहीर झाले, तेव्हा बातमीदारांना मोटारी घेऊन त्या खेड्याचीच वाट धरावी लागली.